ओढ्याकडची पट्टी

सेल्सो तारियोचा फोटो शेतकरी संघाच्या कॉफीच्या पुडीवर छापायचा, असं पाल्मेरास गावच्या सभेत एकमताने ठरलं. संघाची चिटणीस नोएमी हे सांगायला त्याच्या घरी आली, तेव्हा तो अंगणात कॉफीच्या बिया दंताळ्याने पसरत होता. ऐकूनही त्याचा हात थांबला नाही.

"काका, ऐकलंत ना? मोयोबांबाहून फोटो काढायला माणूस येणार आहे. फोटोखाली लिहायचंय, 'यांनी जंगल परत आणलं'."

"दुसऱ्या कोणाचा तरी घ्या."

"दुसरा कोण आहे? लाजताय काय नव्या नवरीसारखे! निळा शर्ट घाला त्या दिवशी, तो शोभतो तुम्हाला."

दारात बसून त्याची बायको ओर्फेलिंदा मक्याची कणसं सोलत होती. एरवी अशा वेळी नवऱ्याची टर उडवायची संधी तिने सोडली नसती. आज तिने मान वर केली नाही.

नोएमी खोटं काही बोलत नव्हती. डोंगराच्या या अंगाला आज जे रान दिसतं, त्यातली निम्मी झाडं सेल्सोच्या हातची होती. पण तिथे आधी जे रान होतं, तेही त्याच्याच हातांनी गेलं होतं. चोत्याकडच्या उघड्याबोडक्या डोंगरात वडिलांची टीचभर जमीन आणि सात भावंडं, म्हणून बाविसाव्या वर्षी तो पेट्रोलची करवत खांद्यावर टाकून आल्तो मायोच्या या खोऱ्यात उतरला. त्याच्यासारखा तोड्या त्या काळी खोऱ्यात दुसरा नव्हता. झाड कुठे पडणार ते तो आधी जमिनीत काठी रोवून दाखवायचा, आणि शंभर वर्षांचा सेद्रो कडकडत येऊन त्या काठीवरच पडायचा. बघायला लोक जमायचे, टाळ्या वाजवायचे. मग जाळपोळ, मग राखेत कॉफी, भर उन्हात. वीसेक वर्षं पीक बरं आलं. पुढे माती पातळ झाली, कोरड्या दिवसांत झरे आटायला लागले, आणि एका वर्षी तांबेरा आला. पानांच्या पाठीवर नारिंगी पूड दिसली आणि दोन महिन्यांत अख्ख्या डोंगरावर नुसत्या काटक्या उभ्या राहिल्या.

गाव म्हणालं, आणखी वर चढू, नवं रान तोडू. एकटा अबेलार्दो कूबास म्हणाला, नको.

अबेलार्दोचं शेत ओढ्याच्या पलीकडे. तोही चोत्याचाच, ज्या ट्रकमध्ये सेल्सो आला त्याच ट्रकमध्ये, मक्याच्या पोत्यांवर बसून आलेला. सेल्सोच्या मुलीला, मार्लेनीला, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून त्यानेच हातावर घेतलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणायचे. जंगलखात्याच्या लोकांशी बोलून तो घरोघर फिरला. नवं रान तोडायचं नाही, रासायनिक औषध कशावरच मारायचं नाही, कॉफी सावलीत लावायची आणि मधेमधे जंगलची झाडं. त्या बदल्यात सेंद्रिय मालाचा दाखला, आणि तो दाखला बघून माल घेणारे लोक.

सेल्सोने त्याला हसण्यावारी नेलं. "कोंपाद्रे, मी इथे झाडं पाडायला आलो. लावायला नाही."

"म्हणूनच तर तू पाहिजेस," अबेलार्दो म्हणाला. "कुठलं झाड कुठे उभं होतं, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? सगळी तूच तर पाडलीस!"

दुसऱ्या आठवड्यात दोघं वरच्या सोंडेवर चढले. तिथे तोर्नियोची तीन म्हातारी झाडं उरली होती. ती उभ्या कड्यावर असल्यामुळे करवत तिथवर पोचली नव्हती. त्यांच्याखाली गुडघे टेकून दोघांनी बिया वेचल्या. अबेलार्दोच्या घरामागे रोपवाटिका उभी राहिली. सेल्सो बोट दाखवायचा, "इथे सेद्रो होता, तिथे पाणथळीला ताड होते," आणि अबेलार्दो तिथे खड्डा घ्यायचा. कामात चेष्टा चालायची. "हळू लाव रे, तुझ्या हाताला रोपं घाबरतात," असं अबेलार्दो म्हणायचा, आणि सेल्सो त्याच्या अंगावर मातीचं ढेकूळ फेकायचा.

तिसऱ्या वर्षी ओर्फेलिंदा वाळवणाच्या ओट्यावरून पाय घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. ती तीन महिने अंथरुणाला खिळली. मार्लेनी लग्न होऊन लांब किनाऱ्याकडे गेलेली. सेल्सोने स्वयंपाक करायचा, बायकोला उठवायचं-बसवायचं, आणि उरलेल्या वेळात शेत बघायचं. त्या शेतात तण छातीला लागलं. कोयत्याने कापावं, तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर पहिलं टोक पुन्हा हिरवं. ओढ्याकडच्या पट्टीत तर कॉफीची रोपं दिसेनाशी झाली.

पडवीत जुना डबा पडून होता, तणनाशकाचा. औषध सोडायचा करार गावाने केला, तेव्हाच तो जमा करायला हवा होता. राहून गेला होता. एका रविवारी गाव प्रार्थनेला गेलं असताना सेल्सोने पंप पाठीला लावला आणि ओढ्याकडची पट्टी फवारून काढली. अर्धी सकाळ लागली. रिकामा डबा त्याने ओढ्याच्या काठाला खड्ड्यात घालून वर दगड रचले. पुढच्या आठवड्यात पिवळं पडलेलं तण कापून तेही पुरून टाकलं. एवढ्याने काय होतंय, असं तेव्हा त्याला खरंच वाटलं होतं.

पण मधल्या काळात वरून पाण्याचा लोंढा आला होता. पट्टीतलं औषध धुऊन त्याने पलीकडच्या काठाला नेलं, दगड उलटवले आणि डबा अबेलार्दोच्या बांधावर, मुळांच्या जाळ्यात नेऊन अडकवला. हंगामात मालाची तपासणी झाली, त्यात औषधाचा अंश निघाला. तपासनीस आले, शेतं फिरले. सेल्सोची पट्टी स्वच्छ. अबेलार्दोच्या काठाला गवत पिवळं, आणि मुळांत डबा.

दाखला एका वर्षासाठी गेला, सगळ्या गावाचा. सभा भरली तेव्हा लोक चवताळलेले होते. ज्याने आपल्याला शपथा घालून औषध सोडायला लावलं, तोच चोरून मारत होता! एउसेबियो नावाचा सर्वात जुना सभासद बाकावर उभा राहून ओरडला, "आम्हाला उपदेश करायचास, आणि स्वतः? थू तुझ्या तोंडावर!"

अबेलार्दो शांतपणे उभा राहिला. "मी मारलेलं नाही," तो म्हणाला. मग सगळ्या सभेवरून नजर फिरवून म्हणाला, "ज्याने मारलं त्याने आत्ता सांगावं. त्याचं शेत तीन वर्षं दाखल्यातून बाजूला राहील, एवढंच. माणूस आहे, होतं कधी. मी त्याला काही म्हणणार नाही, दुसऱ्या कोणाला म्हणू देणार नाही."

तिसऱ्या बाकावर सेल्सो बसला होता. उठायचं असं त्याने मनात तीनदा ठरवलं. घरी बायको पडलेली आहे, तीन वर्षं शेत बाजूला राहिलं तर तिच्या उपचाराचं काय, हेही मनात आलं. एउसेबियोचं ते 'थू' अजून हवेत होतं. अबेलार्दोला संघातून काढावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, असं कोणीतरी म्हणालं. हात वर झाले. सेल्सोचा हात मांडीवरच होता. शेजारच्याने वळून त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तोही वर गेला.

अबेलार्दोने शेत एका नव्या कुटुंबाला विकलं आणि आठवड्याभरात बायकोमुलीला घेऊन गाव सोडलं. रोपवाटिका सेल्सोकडे आली, कारण बियांची ओळख दुसऱ्या कोणाला नव्हती. त्यानंतर सेल्सो झपाटल्यासारखा झाडं लावत सुटला. स्वतःच्या शेतात, ओढ्यापलीकडे, गावाच्या पडीक माळावर. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला जंगलाचं वेड लागलं. अकरा वर्षं गेली. झरे बारमाही झाले. पिवळ्या शेपटीची माकडं, जी नोएमीच्या पिढीने कधी पाहिलीच नव्हती, ती वरच्या सोंडेवरून खाली कॉफीपर्यंत येऊ लागली. लोक त्याची पाठ थोपटायचे, आणि थाप पडली की तो काहीतरी काम काढून तिथून निघून जायचा. त्यालाही लोक विनयच समजायचे.

नोएमी गेल्यावर ओर्फेलिंदाने शेवटचं कणीस टोपलीत टाकलं.

"फोटो काढून घेणार आहेस?"

"बघू."

"बघू काय? एक तर घे, नाही तर सांगून टाक."

सेल्सोने दंताळं भिंतीला टेकवलं. "काय सांगून टाकू?"

"सेल्सो, माझं हाड मोडलं होतं, डोळे नाही फुटले. त्या रविवारी तू तुझा शर्ट धुतलास. स्वतः. लग्न झाल्यापासून कधी धुतला होतास?"

तो ओट्याच्या कडेला बसला.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"वाटलं, तू बोलशील. आज बोलेल, उद्या बोलेल. मग वाट बघायचीच सवय झाली." तिने झग्याला चिकटलेलं मक्याचं कुसळ झटकलं. "आणि खरं सांगू? मला भीती वाटली. शेत गेलं तर माझ्या पायाचं काय होईल, म्हणून. तू एकटाच नाहीस यात. त्याच्या बायकोने तीन महिने मला रस्सा आणून पाजला, सेल्सो. जातानासुद्धा वाटी भरून ठेवून गेली."

दोन दिवसांनी सेल्सो निघाला. अबेलार्दो हाएनजवळ भाताच्या सपाट मुलखात मुलीकडे राहतो, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तिकडे गेलं मात्र कोणी नव्हतं. बस बदलत, पत्ता विचारत तो दुपारी पोचला. एका भातगिरणीच्या फाटकाशी, पत्र्याच्या तुकड्याखाली एक म्हातारा खुर्चीवर बसला होता. एक डोळा पांढुरका झालेला. दुसऱ्याने त्याने येणाऱ्याला ओळखलं.

"आलास," अबेलार्दो म्हणाला. "ऊन आहे. सावलीत ये."

गिरणीच्या आवारात एकही झाड नव्हतं. सेल्सो पत्र्याखाली उकिडवा बसला. ओर्फेलिंदाने दिलेली कॉफीची पुरचुंडी त्याने पुढे केली. अबेलार्दोने ती घेतली, हुंगली, मांडीवर ठेवली.

"ओर्फेलिंदा चालते का?"

"चालते. जरा लंगडते. तुझी बायको?"

"दोन वर्षं झाली तिला जाऊन."

सेल्सोला ते ठाऊक नव्हतं. बसमध्ये जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "कोंपाद्रे," तो म्हणाला, "तेव्हाचं ते औषध..."

"तू मारलंस. ठाऊक आहे मला."

गिरणीचं यंत्र घरघरत होतं. आपण नीट ऐकलं का, असं सेल्सोला वाटलं.

"प्रार्थनेतून मी मधेच उठून आलो होतो," अबेलार्दो म्हणाला. "रोपांना पाणी घालायचं राहिलं होतं. ओढ्यापलीकडून पंपाचा आवाज आला. तुझ्या पंपाचा दांडा कसा कुरकुरायचा, ते मला माहीत नाही का? किती वेळा सांगितलं होतं, तेल घाल, तेल घाल."

"मग सभेत माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं तर काय झालं असतं? तुझं माझं भांडण झालं असतं. घरात बायको पडलेली. मला वाटलं, तू उठशील. लोक काय ओरडत होते ते माझ्या कानावरसुद्धा येत नव्हतं, मी तुझ्याकडे बघत होतो. आता उठेल, आता उठेल." तो थांबला. "तू हात वर केलास."

सेल्सोने मान खाली घातली.

"माझं सामान होतं किती? एका दिवसात बांधून झालं असतं," अबेलार्दो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच सेल्सोला सोसत नव्हतं. "आठवडाभर बांधत बसलो. बायको म्हणायची, कशाची वाट बघतोयस? मी म्हणायचो, दोर सापडत नाही."

एक ट्रक आला. अबेलार्दो उठला, फाटक उघडलं, नंबर वहीत लिहिला, फाटक लावून परत येऊन बसला. खुर्चीत टेकताना त्याने दोन्ही गुडघे हातांनी धरले.

"तोर्नियोची किती जगली?" त्याने एकदम विचारलं.

"दोनशेच्या वर."

"माझ्या बाजूला?"

"तुझ्याही बाजूला. तुझ्या जुन्या घराच्या तिप्पट उंच झाली आहेत. गेल्या साली एकाला फुलं आली."

"फुलं आली," अबेलार्दो म्हणाला. पांढुरक्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते नेहमीच येत असावं. त्याने सवयीने बाहीने पुसलं. "मी नाही पाहिलं रे त्यातलं काही."

"चल माझ्याबरोबर. आजच चल. मी उचलून नेतो तुला वरपर्यंत."

"कोण म्हणून येऊ? त्या गावातून मी चोर म्हणून निघालोय."

"मी क्षमा मागायला आलोय, कोंपाद्रे."

"कळलं मला. पण मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही, त्यांना सांग."

त्याने पाणी दिलं, बस किती वाजता आहे ते सांगितलं. निघताना सेल्सोने हात पुढे केला, तेव्हा अबेलार्दोने तो धरला आणि लगेच सोडला.

पुढच्याच रविवारी सेल्सोने सभेत उभं राहून सगळं सांगितलं. डबा, शर्ट, पुरलेलं तण, वर केलेला हात. काही गाळलं नाही. त्याला वाटलं होतं, लोक त्याच्यावर थुंकतील. पण मागून एक जण म्हणाला, "अकरा वर्षांनी? पुढच्या महिन्यात नवे ग्राहक यायचेत, आणि तुम्हाला आत्ता सुचलं?"

"एवढी वर्षं पचवलंत, तर आणखी पचवायचं होतं," दुसरा म्हणाला. "आम्हाला कशाला त्यात ओढता?"

ओरडणाऱ्यांत बरेचसे तेच होते ज्यांनी तेव्हा हात वर केले होते. एउसेबियो तेवढा गप्प होता. दोन्ही हातांत डोकं धरून तो बाकावर बसला होता, आणि त्याच्या नातसुनेने पाण्याचा पेला पुढे केला तरी त्याला दिसला नाही.

नोएमी लिहायची थांबली होती. "मी चौदा वर्षांची होते," ती म्हणाली. "अबेलार्दोकाका मला रोपांना पाणी घालू द्यायचे. ते जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या दारावर दगड मारला. सगळेच मारत होते म्हणून. काकी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, 'नोएमी, तूसुद्धा?' सेल्सोकाका, तो दगड मी कुठे ठेवू आता?"



नियम होता तसा लागला. त्याचं शेत तीन वर्षांसाठी संघाबाहेर गेलं, रोपवाटिका नोएमीकडे गेली. पुडीवर त्याच्याऐवजी पक्ष्याचं चित्र आलं. त्याची कॉफी आता ट्रकवाला व्यापारी साध्या मालात मिसळून नेत होता. दोन-तीन घरांनी बोलणं टाकलं. मार्लेनीला फोनवर सांगितलं, तेव्हा ती नुसती म्हणाली, "माझ्या धर्मपित्याला, बाबा?" आणि पुढे कितीतरी महिने तिचा फोन फक्त आईला यायचा.

संघाने अबेलार्दोच्या नावाने पत्र लिहिलं. तुम्ही निर्दोष होता, गावाने तुमच्यावर अन्याय केला, तुमची जागा तुमची आहे. खाली सगळ्या सभासदांच्या सह्या. सेल्सो आता सभासद नसल्यामुळे त्याची सही त्यात नव्हती. नोएमी आणि एउसेबियो ते पत्र घेऊन हाएनला गेले.

ते परत आले, तेव्हा सेल्सो कोयत्याने तण कापत होता. एकसष्टीला आलेला माणूस, कंबर धरून थोडं थोडं कापायचा. नोएमी बांधावर येऊन उभी राहिली.

"दिलं पत्र?"

"दिलं. त्यांनी मुलीकडून मोठ्याने वाचून घेतलं. मग जावयाला बोलावलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचून घेतलं. एउसेबियोकाका मध्येच रडायला लागले, तर तेच त्यांना म्हणाले, 'असू दे रे.'"

"येणार आहे का?"

"नाही म्हणाले. पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, हे पुरे."

सेल्सोने कोयत्याचं पातं पालापाचोळ्यावर पुसलं. विचारावं की नाही, असं त्याला झालं.

"माझं काही विचारलं?"

नोएमी खोटं बोलू शकली असती. तिने क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिलंही. "नाही, काका," ती म्हणाली.

"बरं."

ती जायला निघाली, तेव्हा त्याने मागून हाक मारली. "जेवायला थांबवलं का त्याने तुम्हाला?"

"हो तर. मुलीने भात केला होता, घेवडा, तळलेला मासा. दोनदा वाढलं."

"पोटभर जेवलात?"

"पोटभर."

"बरं झालं," सेल्सो म्हणाला आणि पुन्हा तणाकडे वाकला.